आधी कार्ड, मग कॅमेरा

(जिल्ह्यातल्या छायाचित्रकारांच्या वार्षिक मेळाव्यातलं अध्यक्षीय भाषण)



लग्नाच्या अल्बममध्ये वरमाईची मावसबहीण असते, मांडववाला असतो, एखादं कुत्रंही असतं; नसतो तो फोटोग्राफर. उभी हयात अशी न दिसण्यात गेली की ‘मी’ म्हणायची सवय मोडते. म्हणून या भाषणात बोलणारा माणूस ‘अध्यक्ष’ या नावानंच येईल, त्रयस्थासारखा. त्याच्या चुका सांगायच्या असल्यानं ही सोय बरीही पडते.

पहिली चूक दहा-बारा वर्षांपूर्वीची. अध्यक्षांनी बाजारातून 64 जीबीचं एक मेमरी कार्ड आणलं. वेष्टन झकपक, वर छापलेलं नाव मोठं, किंमत मात्र निम्मी. दोन दिवसांचं लग्न होतं. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात, सगळं त्या एका कार्डावर. फोटो काढल्या काढल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर झळकत होता, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. रात्री स्टुडिओत कार्ड रीडरला लावलं, तर फाइलींची नावं ओळीनं हजर. उघडायला घेतल्या. हळदीचे सगळे फोटो शाबूत. सीमांतपूजनात नवरदेवाचे पाय धुतले जात होते, तो फोटो निम्माच उघडला. तांब्याची धार दिसते, खाली पाय असायचे तिथे राखाडी पट्टा. पुढची प्रत्येक फाइल पूर्ण राखाडी, नाहीतर उघडतच नाही. अंतरपाट, मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, काही म्हणजे काही नाही.

त्या कार्डाच्या पोटात खरी चिप होती 8 जीबीची. तिच्यावरच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलं होतं. कॅमेऱ्यानं जागा विचारली की तो 64 सांगायचा. आठ भरल्यावर आलेला डेटा ‘घेतला’ म्हणायचा आणि वाऱ्यावर सोडून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष मुलीच्या वडिलांकडे गेले आणि घेतलेला इसार पुढे ठेवला. ते अंगावर येतील अशी तयारी होती. ते काहीच बोलले नाहीत. आतून चहा आला, सोबत लग्नातले उरलेले बुंदीचे लाडू. तो लाडू अध्यक्षांच्या घशाखाली उतरेना. शेवटी नातेवाइकांच्या मोबाइलमधून चाळीसएक फोटो गोळा करून अल्बम केला. त्यातल्या निम्म्याअधिक फोटोंत कुणाचा तरी वर केलेला हात आहे आणि त्या हातात दुसरा मोबाइल.

तेव्हापासून नवीन कॅमेरा कोणता घ्यावा असं कुणी विचारलं की अध्यक्ष उलट विचारतात, कार्ड कोणतं वापरता? प्रश्न टाळल्यासारखा वाटतो. पण फोटो टिपणं आणि फोटो सांभाळणं ही दोन कामं या धंद्यात पहिल्या दिवसापासून वेगळी आहेत. 1975 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये कोडॅकचे तरुण इंजिनिअर स्टीव्ह सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र 100 बाय 100 ठिपक्यांचं, म्हणजे एक मेगापिक्सेलचा शंभरावा हिस्सा. फोटो टिपायला निमिष लागलं. तो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद लागले.

ती टेप मागे पडली ती जपानी इंजिनिअर फुजिओ मासुओका यांच्यामुळे. तोशिबात काम करताना त्यांनी शोधलेली मेमरी एका झटक्यात पुसली जायची. ते पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तिचं नाव पडलं फ्लॅश मेमरी. आपल्या धंद्यातला शब्द असा आपल्याच कार्डात जाऊन बसला. 1999 मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड आणलं. आज बहुतेकांच्या बॅगेत तेच आहे.

आता त्या कार्डावरचे आकडे. सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, म्हणजे कार्डावरून संगणकात डेटा किती झपाट्यानं येतो त्याचा. मांडवात कामाचा असतो तो लिहिण्याचा वेग. त्याची प्रामाणिक खूण म्हणजे ‘व्ही’पुढचा आकडा: व्ही 30 म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी, व्ही 60 म्हणजे 60, व्ही 90 म्हणजे 90. समजा, कॅमेरा सेकंदाला 20 रॉ फोटो काढतो आणि एकेक फाइल 30 एमबीची आहे. झाले सेकंदाला 600 एमबी. एवढा लोट कॅमेरा आधी स्वतःच्या बफरमध्ये घेतो आणि तिथून कार्डावर ओततो. कार्ड सावकाश असेल तर नरसाळं तुंबतं. ‘शुभमंगल सावधान’ला बोट दाबून धरलं, पहिले दोन-तीन सेकंद घडघड झाली, आणि अंतरपाट खाली येऊन दोघांची नजरानजर व्हायच्या क्षणी कॅमेरा गप्प. कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकतोय. त्या वेळी कॅमेऱ्याला शिव्या बसतात, पण बिचारा कार्डाची वाट बघत असतो. उपाय दोन आहेत. एक म्हणजे महागडं यूएचएस-टू किंवा सीएफएक्सप्रेस कार्ड घ्यावं, आपल्या बॉडीत ते चालतं की नाही हे पाहून. जुन्या खाचेत यूएचएस-टू बसतं, पण धावतं जुन्याच चालीनं. दुसरा उपाय फुकट आहे: बोट उचलायला शिकावं. अध्यक्षांचं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे.

दुकानदाराशी होणारं एक भांडणही मिटवून टाकू. 64 जीबीचं कार्ड संगणकात 59 आणि वर काही पॉइंट दाखवतं. यात फसवणूक नाही. कंपनी हजारानं गुणते, विंडोज 1024 नं. पण आठच्या जागी 64 म्हणणारी कार्डं अजून बाजारात आहेत. ती ओळखायला विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ-थ्री हे फुकट प्रोग्राम मिळतात. ते कार्ड काठोकाठ भरतात, पुन्हा वाचून पाहतात आणि कुठून पुढे राखाडी सुरू होतं ते सांगतात.

बॉडी घेताना मेगापिक्सेल मोजण्याआधी कार्डाच्या खाचा मोजाव्यात. दोन असतील तर उत्तम. पण दोन खाचा असलेल्या बॉडीचा मालक पुष्कळदा दुसरं कार्ड ‘पहिलं भरल्यावर’ या सेटिंगवर ठेवतो. म्हणजे शिडी विकत घ्यायची आणि भिंतीला आडवी टेकवायची. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकदमच लिहिला जाईल, या बॅकअप सेटिंगसाठी ती दुसरी खाच आहे.

आणि मेगापिक्सेल? साधा हिशेब करू. अल्बमचं 12 बाय 18 इंचांचं पान 300 डीपीआयनं छापायला 3600 गुणिले 5400 पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत काम भागतं. तेही पानभर एकच फोटो टाकला तर. आपले अल्बम डिझाइन करणारे एका पानावर नऊ फोटो, दोन मोर आणि एक हृदय बसवतात. 24 मेगापिक्सेलची जुनी बॉडी चालू असेल तर ती चालू राहू द्यावी आणि पैसे चांगल्या लेन्सला द्यावेत.

डेटा उडाला हा शब्द आपल्याकडे मरणाच्या बातमीसारखा दबक्या आवाजात येतो. खरं तर चुकून डिलीट झालेला फोटो बहुतेक वेळा उडालेला नसतोच. डिलीट म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडणं. पान तिथंच असतं, त्यावर नवीन मजकूर पडेपर्यंत. घात होतो तो घाबरून पुढचे चार फोटो काढल्यानं. कार्ड आधी बाहेर काढून बाजूला ठेवावं. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्राम अशी पानं अनुक्रमणिकेशिवाय शोधतो. फाइलींची जुनी नावं जातात, फोटो पुष्कळदा परत येतात. लाल दिवा लुकलुकत असताना कार्डाचं झाकण उघडू नये हे सांगायला अध्यक्ष लागू नयेत. पण लागतात.

कार्ड ही माल वाहायची पाटी आहे, कोठार नव्हे. वर्षानुवर्षं वीज न मिळता कपाटात पडून राहिलं तर त्यातला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. डेटा ठेवायचा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी घालून दिला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. आपल्याकडे एकाच टेबलावर एकाच प्लगला लावलेल्या दोन हार्ड डिस्कांना बॅकअप म्हणायची पद्धत आहे. वीज कोसळली किंवा पुराचं पाणी शिरलं तर दोन्ही जोडीनं जातात.

दुसऱ्या घराचं मोल पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओला विचारावं. 1998 मध्ये ‘टॉय स्टोरी 2’ तयार होत असताना कुणीतरी संगणकाला चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपट डोळ्यांदेखत पुसला जाऊ लागला. बॅकअप काढायला गेले, तर तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता आणि कुणी तपासला नव्हता. तांत्रिक विभागाच्या गेलिन सस्मन नुकत्याच बाळंत झाल्या होत्या, घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, मोटारीच्या मागच्या सीटवर बसवून स्टुडिओत आणला. गंमत अशी की पुढे गोष्टच बदलली आणि चित्रपटाचा मोठा भाग नव्यानं करावा लागला.

मुंबईला असं दुसरं घर लाभलं नाही. 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिक सिनेमात अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ लागला, देशातला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रिंट सापडत नाही. राहिले आहेत ते स्थिर फोटो, जाहिरातीसाठी काढलेले.

एडिटिंगकडे वळताना आधी एक गैरसमज. लाइटरूम क्लासिक या प्रोग्राममध्ये फोटो नसतात. तिथे फक्त वही असते: कोणता फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि त्यावर काय काय केलं याची. ‘लाइटरूममध्ये घेतलेत’ म्हणून मूळ फोल्डर डिलीट करणारी मुलं दर लग्नसराईत दोन-तीन तरी अध्यक्षांकडे येतात. मूळ रॉ फाइल हीच निगेटिव्ह. चौदा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या 16384 छटा मावतात, जेपेगमध्ये 256. हळदीच्या पिवळ्यात पिवळा शालू बुडतो तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो.

चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल इथे नैतिक प्रवचन होणार नाही. एवढंच, की अशा फुकट फोटोशॉपबरोबर आलेला व्हायरस सगळ्या लग्नांना कुलूप लावून खंडणी मागू शकतो. दरमहा पैसे द्यायचे नसतील तर रॉसाठी डार्कटेबल, फोटोसाठी गिंप आणि व्हिडिओसाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे. डार्कटेबलशी पहिले पंधरा दिवस पटत नाही. सासुरवाशिणीसारखं नांदावं लागतं. चेहरे गुळगुळीत करणाऱ्या नव्या बटणांबद्दल एकच वाक्य: आजीच्या सुरकुत्या आजीच्या आहेत, एडिटरच्या नव्हेत.

मराठी अक्षरांचा छळ मात्र थांबलाच पाहिजे. अल्बमच्या पहिल्या पानावर ‘चि.’ची वेलांटी ‘च’च्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. दोष फाँटचा नसतो. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय दिसत असेल तर तो निवडायचा. जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असं होतं. मग नवीन फाइल उघडून युनिकोड फाँटमध्ये टंकायचं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नवरीचं नाव आयुष्यभर शुद्ध राहतं.

कोकणातल्या सभासदांसाठी: लेन्स चामडी पिशवीत कोंडू नये, पावसाळ्यात तिला बुरशी येते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावी; रंग बदललेली जेल तापवून पुन्हा वापरता येते.

आता कामाचं. सभागृहाच्या मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी, टेबलावर दोन लॅपटॉप मांडले आहेत. ज्याला आपलं कार्ड खरं की खोटं पाहायचं असेल त्यानं ते तिथे द्यावं, वर नावाची चिठ्ठी चिकटवून. आतला डेटा आधी दुसरीकडे उतरवून कार्ड रिकामं केलेलं असावं. 128 जीबीचं कार्ड सेकंदाला 30 एमबीनं भरायला सव्वा तासाच्या आसपास लागतो, वाचायला आणखी अर्धा तास धरा. म्हणून कार्डं जेवणाआधी द्यावीत. निकाल चहाच्या वेळी मिळेल. अध्यक्षांचं आठ जीबीचं ते 64 जीबी कार्डही तिथेच बशीत ठेवलं आहे, हातात घेऊन पाहायला. वेष्टन अजून झकपक आहे.