गोड्या पाण्याची दहा मिनिटे

चेन्नई शहराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते तेथे एन्नोर वसलेले आहे. कोळ्यांच्या वस्तीला तामिळ भाषेत कुप्पम म्हणतात. खाडीच्या काठी अशी कित्येक कुप्पमे आहेत. वीजकेंद्रांची उंच धुराडी आणि २००१ साली सुरू झालेले, आज कामराजर यांच्या नावाने ओळखले जाणारे बंदर यांच्या सान्निध्यात या वस्त्या आपला जुना व्यवसाय चालवीत आहेत. त्यांच्या होड्यांवरचे शीड गेले आणि त्या जागी इंजिन आले, त्यालाही आता बराच काळ लोटला.

होडी वाळूवर ओढली, जाळी उतरविली, मासळी विकली गेली, की दिवसाचे काम संपले असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु जे इंजिन स्वतःला थंड ठेवण्यासाठी समुद्राचेच पाणी ओढून घेते, त्याच्या मालकाचे एक काम तेव्हाही उरलेलेच असते. इंजिनाला आतून गोड्या पाण्याने धुऊन काढणे हे ते काम होय. ते दहा मिनिटांचे आहे, आणि थकलेला माणूस नेमके तेच उद्यावर ढकलतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन चालू असेतोवर हे पाणी आतल्या अरुंद वाटांतून वाहते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. इंजिन थांबले की वाहणे थांबते. पण तापलेल्या धातूला बिलगून राहिलेले पाणी हळूहळू उडून जाते आणि मीठ मागे राहते. असे थरावर थर चढले, की वाटा चिंचोळ्या होतात व इंजिन तापू लागते. दुसरे संकट याहून गुप्त असते. अॅल्युमिनियमवर निसर्गतःच एक अतिशय पातळ, संरक्षक असे आवरण असते. मिठातील क्लोराइड ते ठिकठिकाणी भेदते आणि धातूला बारीक खड्डे पडत जातात. बाहेरून चकचकीत दिसणारे यंत्र आतून पोखरलेले असते, ते असे.

वेगवान गस्ती नौकांत आणि सहलीच्या नौकांत एक वेगळी रचना आढळते. इंजिन नौकेच्या पोटात असते, आणि पंखा फिरविणारा पाय पिछाडीच्या फळीबाहेर पाण्यात उतरलेला असतो. या रचनेला आउटड्राइव्ह म्हणतात. व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने १९५९ साली ‘अॅक्वामॅटिक’ या नावाने ती बाजारात आणली आणि तेव्हापासून ती जगभर पसरली. थंड करणारे पाणी याच पायातील छिद्रांतून आत जाते. म्हणून नौका जमिनीवर असताना धुण्याचे पाणीही तेथूनच द्यावे लागते.

त्याची रीत सोपी आहे, पण तिचा क्रम चुकता कामा नये. पाय पूर्ण खाली, उभा ठेवावा. कानांवर झाकणे बसवावीत तशा दोन रबरी वाट्या छिद्रांवर बसवून त्यांना नळी जोडावी. आधी पाणी सोडावे आणि मगच इंजिन सुरू करावे. याचे कारण असे, की पाणी खेचणाऱ्या पंपातले चक्र रबराचे असते. पाणी हेच त्याचे वंगण. ते कोरडे फिरले तर थोड्याच वेळात जळून फाटते. इंजिन गिअरमध्ये न घालता मंद गतीवरच ठेवावे, आणि पंख्याजवळ कोणासही उभे राहू देऊ नये. धूर विषारी असल्याने हे काम उघड्यावरच व्हावे. थर्मोस्टॅट हा उष्णतेने उघडणारा दरवाजा असतो. इंजिन तापून तो उघडल्याखेरीज गोडे पाणी सर्व भागांत पोहोचत नाही. घाईने दोन मिनिटांत बंद केलेले इंजिन म्हणूनच आतून खारटच राहते. शेवटी आधी इंजिन थांबवावे आणि नंतर नळ बंद करावा.

येथवर सारे शास्त्र झाले. एन्नोरच्या किनाऱ्यावर खरा प्रश्न उभा राहतो तो त्या नळाचाच. मिनिटाला वीस लिटर या हिशेबाने दहा मिनिटांत दोनशे लिटर पाणी जाते. पाच माणसांच्या गरिबाच्या घरी तेवढ्यात एक दिवस निभावतो. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय कोरडे पडले आणि लोक टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लावून उभे राहिले. एन्नोरच्या उत्तरेस काट्टुपळ्ळी येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना २०१० पासून उभा आहे. त्याची क्षमता दिवसाला दहा कोटी लिटर आहे. वीज खर्चून समुद्रातून काढलेले मीठ आणि त्याच गोड्या पाण्याने इंजिनातून धुतलेले मीठ, असा हा फेरा आहे. ज्या घरात घागर रिकामी आहे, त्या घरातील माणसाने इंजिनावर पाणी ओतावे, असे सांगणे सोपे नाही.

परंतु इंजिनाला पिण्याचे पाणी लागत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे वाट सापडते. विहिरीचे मचूळ पाणी माणसाला नकोसे वाटते. तरी ते समुद्रापेक्षा कितीतरी पटींनी कमी खारट असले आणि त्यात रेती नसली, तर मीठ वाहून नेण्याचे काम ते चोख करते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येतो. त्याचे छपरावरचे पाणी साठवता येते. पिछाडीला टांगलेले लहान इंजिन तर पाण्याच्या पिपात बुडवूनही चालवता येते, आणि ते पाणी फार खारट होईपर्यंत पुन्हा वापरता येते. शिवाय मीठ सुकण्याआधी, त्याच सांजेला थोड्या पाण्यात जे निघते, ते आठवड्याने पुष्कळ पाण्यातही निघत नाही.

गोड्या पाण्याची सत्ता मात्र मिठापुरतीच चालते. २०१७ च्या जानेवारीत या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. २०२३ च्या डिसेंबरात चक्रीवादळानंतरच्या पुराबरोबर तेल खाडीत शिरले आणि होड्या व जाळी काळी पडली. वीजकेंद्राच्या राखेनेही या पाण्याचा तळ भरत गेला आहे. ते मळ धुणे एकट्या कोळ्याच्या हाती नाही. त्याच्या हाती आहे ते आपले इंजिन, ज्यावर पुष्कळदा कर्ज असते आणि ज्यावर उद्याची चूल अवलंबून असते. काठावर अंधार पडू लागला असताना त्या इंजिनातून पडणाऱ्या पाण्याची धार म्हणजे उद्या पहाटे खोल समुद्रात ते बंद पडू नये, यासाठी आजच केलेली तजवीज होय.