शहरातील रान आणि एकेरी वाट



व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, राजकारण, साहित्य असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. अशा ठिकाणी, शहराच्या उद्यानातील झाडीतून जाणाऱ्या हातभर रुंदीच्या वाटेवर सायकल कशी चालवितात, हे सांगायला मी उभा राहिलो तर काहींना तो पोरखेळ वाटेल. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. अमेरिकेतील काही शहरांत या हातभर वाटेवरून कित्येक वर्षे वाद चालला आहे. त्या वादाला सायकल हे केवळ निमित्त आहे. सार्वजनिक रान कोणाचे, त्यात कोणी कसे वागावे आणि त्याची निगा कोणी राखावी, हे त्यातले खरे प्रश्न आहेत. आणि ज्या गावाच्या भोवती टेकड्या आहेत, त्या गावाला हे प्रश्न परके नाहीत.

प्रथम ही सायकल कोठून आली ते पाहू. खडबडीत जमिनीवर सायकल चालविणे तसे जुनेच. १८९७ साली अमेरिकेच्या २५व्या पायदळातील कृष्णवर्णी शिपायांची एक तुकडी लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखाली माँटानातील फोर्ट मिझूला येथून सायकलींवर निघाली आणि सुमारे १,९०० मैलांची वाट तुडवून ४१ दिवसांत सेंट लुईसला पोहोचली. परंतु आज जिला आपण 'माउंटन बाइक' म्हणतो, तिचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यात, टॅमलपायस डोंगराच्या परिसरात झाला. तेथील काही तरुणांनी १९३०-४०च्या सुमाराच्या, जाड टायरांच्या, अवजड सायकली भंगारातून उचलल्या आणि डोंगरउतारावरून त्या सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. दोन मैलांत सुमारे १,३०० फूट उतार! त्या सायकलींना पॅडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक असे. खाली येईपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून त्याचा धूर होई आणि पुढच्या खेपेपूर्वी चाकाच्या तुंब्यात नवे ग्रीस भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले. पुढे जो ब्रीझ याने १९७७ साली या कामासाठी मुद्दाम नवी चौकट बांधली, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली धंदा काढला, १९८१ साली कारखान्यांतून अशा सायकली निघू लागल्या आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ मान्य झाला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकपर्यंत ही मजल गेली.

आता वाटेकडे वळू. इंग्रजीत तिला 'सिंगलट्रॅक' म्हणतात, आपण एकेरी वाट म्हणू. दीड-दोन फूट रुंद, एका वेळी एकच माणूस किंवा एकच सायकल जाईल अशी. तिच्यावर डांबर नाही, खडी नाही. मुळे आहेत, दगड आहेत, पालापाचोळा आहे, आणि दर दहा पावलांवर वळण आहे.

अशा वाटेवर सायकल चालविणे म्हणजे रस्त्यावरची विद्या पुष्कळशी विसरणे. रस्त्यावर आपण सीटवर निवांत बसतो. येथे उतार आला की माणूस सीटवरून उठतो, दोन्ही पॅडले सारख्या उंचीवर ठेवतो आणि गुडघे-कोपरे सैल सोडतो. दगडाचा धक्का मग हाडांपर्यंत न जाता सांध्यांतच विरून जातो. टायर दोन-अडीच इंच रुंद असतात आणि त्यांत हवा कमी भरलेली असते. रस्त्यावरच्या शर्यतीच्या टायरात दर चौरस इंचास ऐंशी-नव्वद पौंड दाब असेल, तर येथे वीस-तीस पौंड. मऊ टायर मुळाला आणि खड्याला कवटाळून बसतो, टणक टायर त्यांवरून उडतो.

ब्रेकचेही तसेच. फिरते चाक जमिनीला धरून असते, जाम झालेले चाक घसरते. चाकाची जमिनीवरील पकड ही ठराविक पुंजी आहे. ती ब्रेक लावण्यात खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही. म्हणून जाणता स्वार वळणाच्या आधी वेग कमी करतो आणि वळणात ब्रेक सोडून देतो. नवखा मात्र वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक आवळतो आणि सरळ झुडपात जातो.

सर्वांत मोठा धडा नजरेचा आहे. ज्या झाडाची भीती वाटते त्या झाडाकडे पाहत राहिलात, तर सायकल हटकून त्याच झाडावर जाते. नजर वाटेच्या पुढच्या टोकावर ठेवावी लागते, चाक आपोआप तिच्या मागे येते. आपल्यापैकी ज्यांनी बालपणी मोठ्या सायकलीत पाय घालून कैची मारली असेल, त्यांना याचा अनुभव असेलच. आणि हे सर्व करीत असताना मनात दुसरा विचार येऊ शकत नाही. कचेरीतला साहेब, घराचा हप्ता, मुलाची परीक्षा, सारे बाहेर फाटकापाशी राहते. शहरातल्या माणसाला अर्धा तास असे एकाग्र होता येणे ही सामान्य गोष्ट नाही. त्यासाठी दूर हिमालयात जावे लागत नाही. घरापासून दोन मैलांवरच्या झाडीत ती मिळते, एवढेच या वाटेचे माहात्म्य.

पण अशी वाट आपोआप होत नाही, आणि झाली तर टिकत नाही. वाटेचा मुख्य वैरी पाणी. सरळ उतारावर वाट पाडली की पहिल्या पावसात तिची नाली होते, दुसऱ्या पावसात ओहोळ होतो आणि चालणारे चिखल टाळण्यासाठी बाजूने दुसरी वाट पाडतात. म्हणून वाट बांधणारे तिला डोंगराच्या अंगाने, जवळजवळ समपातळीत नेतात. त्यांचा एक साधा नियम आहे : वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये. डोंगराचा उतार शंभरास वीस असेल तर वाटेचा चढ शंभरास दहाच्या आत. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित, शंभरास पाचाइतका, कललेला ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता पसरून खाली जाते. आणि थोड्या थोड्या अंतरावर उतरती वाट क्षणभर वर चढवायची. त्या खोलगटात पाणी अडून बाहेर पडते आणि सायकलस्वाराचा वेगही आपोआप मोडतो. एका युक्तीने मातीही राखली जाते आणि माणूसही.

आता सायकलीने रानाची नासाडी होते, या आक्षेपाकडे येऊ. माँटानात विल्सन आणि सेनी या दोन अभ्यासकांनी माणूस, घोडा, मोटारसायकल आणि सायकल यांच्या येण्याजाण्याने किती माती सुटते ते मोजले आणि १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाकांपेक्षा खुरांनी आणि पायांनी अधिक माती सुटते, असे त्यांना आढळले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात चालणारे आणि सायकलवाले यांच्यामुळे झाडोऱ्याची होणारी तुडवणूक सारखीच दिसली. सायकलवाले हे दाखले आनंदाने पुढे करतात. परंतु त्यांनी एक गोष्ट विसरू नये. हे मोजमाप एकेका फेरीचे आहे. चालणारा तासात तीन मैल जातो, सायकलवाला त्याच वेळात त्याच्या दुप्पट-तिप्पट वाट तुडवितो. शिवाय ओल्या मातीत उमटलेली चाकाची लांबलचक रेघ हाच पाण्याला आयता पाट. म्हणूनच पाऊस पडून गेल्यावर वाट सुकेपर्यंत तिच्यावर सायकल घालू नये, हा या मंडळींचा स्वतःचाच दंडक आहे.

दोन शहरांची उदाहरणे देतो. पहिले न्यूयॉर्कचे. मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात, हार्लेम नदीच्या काठच्या खडकाळ उतारावर हायब्रिज पार्क आहे. १८४८ साली पुरा झालेला, शहराला पाणी आणणारा उंच पूल तेथेच आहे. त्या शहरात आज उभा असलेला सर्वांत जुना पूल तोच. १९७०च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली, पूल बंद पडला आणि या झाडीची रया गेली. लोक तेथे मोडक्या मोटारी ढकलून देत. नशाबाजांच्या सुया पायात मोडतील म्हणून सभ्य माणूस तिकडे फिरकत नसे. पुढे सफाईची कामे सुरू झाली, आणि सायकलस्वारांच्या मंडळींनी महापालिकेच्या उद्यान खात्याला सांगितले की आम्ही श्रमदान करतो, आम्हाला वाट द्या. सुट्टीच्या दिवशी फावडी-कुदळी घेऊन त्यांनी कचरा काढला, वाट बांधली आणि २००७ साली न्यूयॉर्क शहरातील पहिली कायदेशीर डोंगरी सायकलवाट तेथे खुली झाली. लांबी अवघी तीन मैलांच्या आसपास. पण जेथे दिवसाही कोणी जात नव्हते तेथे माणसांची वर्दळ सुरू झाली. २०१५ साली तो जुना पूलही पादचाऱ्यांसाठी पुन्हा उघडला.

दुसरे उदाहरण ऑरेगनमधील पोर्टलंड शहराचे, आणि ते इतके सुखांत नाही. शहराच्या हद्दीत पाच हजार एकरांहून मोठे 'फॉरेस्ट पार्क' आहे. फर, मेपल आणि सीडर यांची दाट झाडी. १९०३ साली जॉन चार्ल्स ओल्मस्टेड याने हे रान शहराने राखावे असा सल्ला दिला होता. लोकांनी तो मनावर घेतला नाही. उलट १९१५च्या सुमारास घरांचे प्लॉट विकण्यासाठी रानातून सुमारे अकरा मैलांचा रस्ता काढला. दरडी कोसळल्या, खर्च वाढला, प्लॉटवाल्यांनी पैसे भरले नाहीत आणि जमिनी सरकारजमा झाल्या. त्यातून अखेर १९४८ साली उद्यान झाले. माणसाच्या शहाणपणाने जे साधले नाही, ते त्याच्या फसलेल्या व्यवहाराने साधले.

या रानात तीस मैलांची एक सुरेख एकेरी पायवाट आहे. ती केवळ चालणाऱ्यांसाठी आहे. सायकलवाल्यांना तो जुना रुंद रस्ता आणि वणवा विझविण्यासाठी राखलेल्या काही वाटा मोकळ्या आहेत. त्यांचे म्हणणे असे : "आम्हीही कर भरतो. मोटारीवर सायकल बांधून पन्नास मैल दूर जायचे आणि तेथे रानात फिरायचे, हा कोठला निसर्गप्रेमाचा न्याय?" चालणाऱ्यांचे म्हणणेही खोटे नाही. वयस्क माणूस पक्ष्यांचा आवाज ऐकत चालला आहे आणि वळणावरून अचानक चाके येतात. अपघात झाला नाही तरी त्याच्या सकाळचे स्वास्थ्य गेले, ते गेलेच. महापालिकेने समिती बसविली, एकमत झाले नाही, आणि २०१० साली रानाचा आधी अधिक अभ्यास व्हावा म्हणून नव्या एकेरी वाटांचा बेत बाजूला ठेवण्यात आला.

माझ्या मते दोन्ही पक्षांच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. भांडण चाकाशी नाही, वेगाशी आहे. आणि वेगाला आवर घालण्याचे उपाय आहेत. वळणावर लांबचे दिसावे, वाट मुद्दाम नागमोडी असावी, चालणाऱ्यापुढे सायकलवाल्याने थांबावे, घंटी वाजवावी. नॉर्थ कॅरोलिनातील त्साली येथे घोडेवाल्यांना आणि सायकलवाल्यांना वाटा आळीपाळीने दिवस वाटून दिल्या आहेत. मात्र काही रान असे असते की तेथे कोणाचाच पाय पडू नये. ते ठरविताना माझी हौस की तुझी हौस हे पाहून चालणार नाही. तेथे राहणाऱ्या पशुपक्ष्यांना मत देता येत नाही, त्यांच्या वतीने कोणीतरी बोलले पाहिजे.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज वेताळ टेकडीवर आणि तळजाईवर पहाटे फिरणारी माणसे आहेत आणि जाड टायरांच्या सायकली घेऊन येणारी तरुण मंडळीही आहेत. त्यांनी एकमेकांकडे कपाळाला आठ्या घालून पाहू नये. दोघांचा समान शत्रू निराळा आहे. टेकडीवर कोणीच गेले नाही, तर तिथे काय घडते हे कोणाला कळणारही नाही. ज्या वाटेवर रोज माणूस आहे, ती वाट बेवारस राहत नाही. पण वाट वापरणाराने वर्षातून दोन दिवस हातात घमेले घ्यावे आणि पावसाने फोडलेली कड भरून काढावी. हायब्रिजच्या पोरांनी आपला हक्क अर्ज करून मिळविला, तसाच तो फावडे चालवूनही मिळविला. आपणही हक्काची भाषा बोलताना फावड्याची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.