सासूबाईंचा अडकित्ता

बायांनो, लावणी उरकली असेल, कंबर जरा टेकली असेल, तर आज पुण्याची एक गोष्ट सांगते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचतगटाच्या अकरा जणी कर्जतहून रेल्वेने घाट चढून पुण्याला गेलो. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला. वाटलं होतं, तलवारी आणि राजांच्या तसबिरी असतील. बघते तर काय, जुन्या वाड्याच्या खोल्यांत आपलंच घर मांडलेलं! दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वजऱ्या, शेवयांचे साचे, कुंकवाचे करंडे, सगळं काचेआड. आमच्यातली एक म्हणाली, "अगं, असला दिवा तर मी गेल्या दिवाळीत मोडीत घातला." हसलो सगळ्या, पण थोडंच.

दिनकर केळकर हे चष्म्याच्या दुकानाचे गृहस्थ, कविताही करायचे. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने १९६२ मध्ये संग्रहालय झालं. तोवर १५ हजारांच्या आसपास वस्तू जमल्या होत्या, आता २० हजारांवर आहेत. १९७५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचं दालनही इथं आणून बसवलंय आणि गर्दी तिथंच होते. मला विचाराल तर स्वयंपाकघराच्या भांड्यांपुढे जास्त वेळ थांबा.

एक गोष्ट मात्र मला टोचली. वस्तूला पाटी आहे, पण ती रोज हातात धरणारीचं नाव कुठून येणार? घेतानाच कुणी विचारलं नसेल, तर गेलं ते. आपल्या कोंडाण्याच्या लेण्यात बघा. चैत्याच्या दर्शनी भागात एका मूर्तीपाशी ब्राह्मीत कोरलंय, की हे काम कान्हाचा शिष्य बलक याने केलं. दोन हजार वर्षं झाली, तरी बलकाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. आणि माझ्या आजेसासूचं नाव माझ्या पोरांना सांगता येत नाही!

भंगारवाला दारात आला, की तांब्याचा हंडा देऊन प्लॅस्टिकच्या बादल्या घेणारी मीच होते. पाऊस तोंडावर होता, पैसे लागत होते. वस्तू विकूच नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण विकण्याआधी घरातल्या म्हातारीपाशी बसा. ही कुणाची, कुठून आली, हिला काय म्हणत, हिच्यात काय शिजायचं, ते पोरीकडून वहीत लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढा. ठेवणार असाल तर लाकडाला वाळवी लागू देऊ नका, आणि जुनं पितळ ॲसिडने चकचकीत करू नका, त्यावरची नक्षी जाते.

आमच्या गटाची वही सुरू झालीय. पहिलं पान माझं. अडकित्ता, लोखंडी, सासूबाईंनी माहेराहून आणलेला. एक दांडा जास्त झिजलाय. का, ते त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, "सुपारी कातरता कातरता बाळंतिणीपाशी रात्री जागवायचे ना मी." त्या सुईणपण करायच्या, हे मला लग्नाला बावीस वर्षं होऊन तेव्हा कळलं.