निद्रिस्त ऑब्जेक्टांची जागृति

एका संगणकावरील प्रोग्रॅमनें दूरच्या संगणकावरील प्रोग्रॅमकडून काम करवून घ्यावें, आणि दोहोंच्या ऑपरेटिंग सिस्टीम भिन्न असूनही तें बिनबोभाट पार पडावें, या विचारानें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठें बळ धरलें. या पद्धतींत माहिती व तिजवरील क्रिया यांचा जो एकत्र संच, त्यास ऑब्जेक्ट म्हणतात. बँकेचें प्रत्येक खातें असें एक ऑब्जेक्ट मानलें, तर लक्षावधि खातीं संगणकाच्या स्मृतींत अहोरात्र जागतीं ठेवणें परवडत नाहीं. म्हणून तीं निजलेलीं असतात आणि हांक येतांच उठविलीं जातात. या उठविण्यास ॲक्टिव्हेशन, अर्थात् जागृति, असें नांव आहे.

उठविण्याचें काम मध्यस्थ प्रोग्रॅम करतो. १९८९ मध्यें स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपनें १९९१ मध्यें कोर्बा हें मानक प्रसिद्ध केलें. त्यानुसार हांक मारणाऱ्यापाशीं ऑब्जेक्टाचा केवळ निर्देश असतो. तें युनिक्सवर आहे कीं विंडोजवर, जागें आहे कीं निजलेलें, याची चौकशी त्यास करावी लागत नाहीं. मायक्रोसॉफ्टनें १९९६ मध्यें डीकॉम आणलें. त्यांत ऑब्जेक्ट उठविण्याचा अधिकार कोणास आहे, हें विंडोजच्या रजिस्ट्रींत नोंदलेलें असतें. १९९८ मध्यें जावा १.२ बरोबर आरएमआयडी हा प्रोग्रॅम आला. तो स्वतः जागा राहून इतरांस उठवी.

ही सोय मोहक खरी. परंतु अंतर दिसेनासें झालें म्हणून तें नाहींसें होत नाहीं. १९९४ मध्यें सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वॉल्डो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका निबंधांत हाच इशारा दिला होता. खात्यांतून शंभर रुपये वजा करण्याची हांक गेली आणि उत्तर आलें नाहीं, तर काय समजावें? हांक पोंचलीच नसेल. ऑब्जेक्ट अद्याप उठत असेल. किंवा रक्कम वजा होऊन उत्तर वाटेंत हरवलें असेल. पुन्हा हांक मारावी, तर तेच पैसे दोनदां जाण्याचें भय. यास्तव प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो, आणि उत्तर धाडण्यापूर्वींच ऑब्जेक्टानें तो क्रमांक व खात्याची नवी शिल्लक एकत्र तबकडीवर नोंदवावी लागते. मग यंत्र अकस्मात् बंद पडलें, तरी पुन्हा उठलेलें ऑब्जेक्ट जुनी मागणी ओळखतें.

२०१८ मध्यें जावा ११ मधून कोर्बा वगळण्यांत आलें. २०२१ मध्यें जावा १७ मधून आरएमआयडीही गेला. तथापि मागणी आल्यावरच प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या आजच्या क्लाउड सेवांत तीच कल्पना नांदत आहे, आणि तोच प्रश्नही. दूरच्या ऑब्जेक्टास ज्यानें उठवावयाचें, त्यानें उत्तर न येण्याचीही तयारी ठेविली पाहिजे.