शोधले म्हणजे सापडेल काय?



गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडे गेलो होतो, तेव्हा वाटेवरच्या एका शाळेत थोडा थांबलो. गुरुजी संगणकापुढे बसून घामाघूम झालेले! मुलांची माहिती भरायची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि पासवर्ड काही केल्या चालेना. कामाची मार्गदर्शक पुस्तिका इंटरनेटवर होती, चांगली साठ पानांची. गुरुजींनी तीत 'पासवर्ड' हा शब्द शोधला. यंत्र म्हणाले, कुठेच नाही. "बघा की हो, एवढं मोठं पुस्तक आणि त्यात पासवर्डच न्हाई!" शेवटी पान पान चाळल्यावर मजकूर हाती लागला. तिथे शब्द होता 'परवलीचा शब्द'.

आता आपण म्हणाल, शब्द तर बरोबरच आहे. आहे खरा; पण अडलेला माणूस तो शब्द शोधत नाही, त्याला काय करायचे?

त्या पुस्तिकेत निदान खरा मजकूर तरी होता. कित्येकदा छापील पानाचा फोटो काढून तोच इंटरनेटवर ठेवतात. आपल्याला तो वाचता येतो, यंत्राला मात्र ते नुसते चित्र. फोटोतली अक्षरे ओळखणारी साधने आता निघाली आहेत, पण पुसट छपाई आणि जोडाक्षरे त्यांनाही चकवतात. जुन्या मराठी फॉन्टांची तर निराळीच गंमत. पडद्यावर 'क' दिसे आणि आत साठवलेला असे रोमन अक्षराचा क्रमांक! १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. पुस्तिका युनिकोडमध्ये लिहावी असा आग्रह असतो तो यासाठी.

बरे, एवढे झाले तरी आपल्या भाषेची एक खोड उरतेच. मुलांना आपण सामान्यरूप शिकवतो ना, तीच. 'खाते' शोधावे, तर पुस्तिकेत 'खात्यात', 'खात्याचा', 'खात्यावरून'. साधा शोध अक्षराला अक्षर जुळवून पाहतो. ही सारी एकाच घरची माणसे, हे त्याला ठाऊक नसते. जुन्या पुस्तकांत त्यात आणखी भर, कारण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधी 'नाव' हा शब्द 'नांव' असा लिहीत. यावर एक सोपी युक्ती आहे. शब्दाची शेपटी तोडून शोधावे. 'शाळा' न लिहिता नुसते 'शाळ' लिहिले, तर बहुतेक ठिकाणी 'शाळेत', 'शाळांना' हेही पुढे येतात. 'खात' लिहिले तर मात्र जेवणारी मंडळीही येतील, बरं का!

पण ही झाली वाचणाऱ्याची युक्ती. खरे काम लिहिणाऱ्याचे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश तयार झाला, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात वाचक एका नावाने गेला आणि विषय दुसऱ्या नावाखाली असला, तर तिकडे बोट दाखवलेले असते. संगणकाच्या पुस्तिकेला हेच हवे: 'पासवर्ड' म्हणा की 'परवलीचा शब्द', दोन्ही वाटा एकाच पानावर याव्यात. मथळाही 'खाते व्यवस्थापन' कशाला? 'पासवर्ड विसरला तर' असे सरळ लिहावे. साठ पाने एका गठ्ठ्यात न बांधता एकेका कामाचे एकेक पान करावे. सातबाराच्या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर ठाऊक नसला तरी नावावरून शोधता येते, ते शेतकऱ्याला किती सोयीचे झाले आहे!

त्या गुरुजींनी पुढे वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली. डावीकडे आपण बोलतो तो शब्द, उजवीकडे पुस्तिकेतला. ती पुस्तिका काढणाऱ्यांकडेही त्यांनी पाठवून दिली आहे. उत्तर अजून यायचे आहे, पण शेजारच्या शाळेतल्या बाईंनी यादी उतरवून नेली.