दोन टक्के म्हणजे किती?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळी शाळेत येताना मोदी गणपतीपाशी आपली एक मैत्रीण भेटली. म्हणाली, "दाढ काढायची आहे. इंजेक्शन हिरडीत, मग डॉक्टर हृदयाचं कशाला विचारतात?" मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे उत्तर देणं मलाच भाग आहे.

जागा बधिर करणारं औषध मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद करतं, त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे जात नाही. तशीच दारं हृदयाच्या स्नायूतही असतात. औषध थोडंसं रक्तात जातंच, त्याने सहसा बिघडत नाही. पण चुकून शिरेत गेलं किंवा मात्रा जास्त झाली, तर ठोके मंदावतात, हृदयाचं आकुंचन दुबळं होतं. लिग्नोकेन त्या दारातून लवकर बाहेर पडतं. म्हणूनच बेताच्या मात्रेत ते हृदयाची बिघडलेली लय सुधारायलाही वापरतात. ब्युपिवाकेन मात्र तिथे ठाण मांडून बसतं. शिवाय आकुंचनाला लागणारं कॅल्शियम आणि पेशीतली ऊर्जानिर्मिती यांतही ते अडथळा आणतं.

मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. एका आजींच्या हाताच्या शस्त्रक्रियेसाठी मी सवयीने ०.५ टक्के ब्युपिवाकेन ३० मिलिलीटर भरून घेतलं. सुई टोचणार, तेवढ्यात सर, तुम्ही आठवलात. "एकक नाही, तर गुण नाही!" मी थांबून गणित मांडलं. २ टक्के म्हणजे १ मिलिलीटरमध्ये २० मिलिग्रॅम, तर ०.५ टक्के म्हणजे ५ मिलिग्रॅम. ३० मिलिलीटरचे झाले १५०. आजींचं वजन ४० किलो. किलोमागे २ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर फक्त ८०! मी निम्मं औषध ओतून दिलं. हात मात्र बराच वेळ थरथरत होता.

आज या विषबाधेवर उतारा आहे. १९९८ मध्ये शिकागोच्या डॉ. गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की सोयाबीन तेलाचं दुधाळ द्रावण शिरेतून दिल्यास ब्युपिवाकेनने थांबलेलं हृदय पुन्हा चालू होऊ शकतं. २००६ मध्ये असा वाचलेला पहिला रुग्ण नोंदला गेला. आता हे द्रावण शस्त्रक्रियागृहात हाताशी असावं, असा आमचा आग्रह असतो. तरी मोजून दिलेली मात्रा हाच खरा उपाय.

म्हणून मित्रहो, आपल्या वयात इंजेक्शनआधी वजन, हृदयाचे आणि यकृताचे आजार, चालू गोळ्या सगळं सांगा. इंजेक्शननंतर कानात घंटा वाजल्यासारखं झालं, जीभ बधिर वाटली, तोंडाला धातूची चव आली, तर संकोच न करता लगेच बोला. हृदयावर परिणाम होण्याआधी बहुधा हीच सूचना मिळते.

सर, सहामाहीला एकक न लिहिल्याबद्दल तुम्ही माझा एक गुण कापला होता. मी वर्षभर रागावले होते. त्या आजी दुसऱ्या दिवशी हसत घरी गेल्या. तो गुण मला आता परत नको.