किशोर कामगार आणि विश्रांतीचा हक्क

मोर्शी तालुका संत्र्यासाठी ख्यातनाम आहे. हंगामात तोडणी, प्रतवारी व भरणीसाठी मजूर अपुरे पडतात आणि कोवळ्या हातांकडे लक्ष वळते. १९८६ चा बालकामगार कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनुसार, दुकानाप्रमाणेच शेतालाही लागू आहे. १४ वर्षांखालील मुलास तेथे मजुरीस ठेवण्यास मनाई आहे. १४ ते १८ वयाच्या किशोरास धोक्याचे काम देता येत नाही. इतर कामांत सलग ३ तासांनंतर १ तास विश्रांती, विश्रांतीसह दिवसाला कमाल ६ तास आणि आठवड्यास एक पूर्ण सुटी बंधनकारक आहे. सायंकाळी ७ ते सकाळी ८ काम निषिद्ध. म्हणजे रात्रीच्या ट्रकभरणीवर किशोर नकोच. हंगामात वर्गातील रिकाम्या जागा शिक्षकांना प्रथम दिसतात. त्यांनी ते पंचायतीस कळवावे व पंचायतीने बागाईतदारांस वेळीच समजवावे, हेच अगत्याचे.